सीआर मजबूत की एचआर? ट्रॉली, कोठी आणि कूलरच्या हिशोबाने

देवळी तालुक्यातल्या एका पोराने विचारले आहे: "काकाजी, गावात वेल्डिंगचे दुकान टाकतो आहे. ट्रॉली, गेट, धान्याच्या कोठ्या, उन्हाळ्यात कूलर, एवढी कामे मिळतील असे वाटते. नागपूरच्या इतवारीत पत्रा पाहायला गेलो तर एक दुकानदार म्हणे, सीआर घ्या, एचआरपेक्षा मजबूत असते, म्हणून तर महाग आहे. दुसरा म्हणे, सीआर म्हणजे नुसता देखावा, एचआरच खरे लोखंड. दोघांत खरा कोण? आणि गरम लाटणे, थंड लाटणे म्हणजे नेमके काय?"

खरा कोणीच नाही, बाबू. एचआर म्हणजे हॉट रोल्ड, गरम लाटलेला पत्रा; सीआर म्हणजे कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला. ज्याच्या गोदामात जे पडले होते, ते त्याने मजबूत ठरवले.

मी आधी नागपूरकडच्या, सळई लाटणाऱ्या एका री-रोलिंग मिलमध्ये होतो, मग पत्र्याच्या कारखान्यात, आणि आता बरीच वर्षे स्वतःच्या टिनाच्या शेडमध्ये. तिन्हीकडचे मिळून सांगतो. थोडे लांबेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. सीआर हा एचआरचा भाऊबंद नाही, त्याचा लेक आहे. बाजारात दिसणारा प्रत्येक सीआर पत्रा आधी एचआर होता. आपल्या भाषेत सांगायचे तर एचआर म्हणजे जिनिंगमधून निघालेली रुई आणि सीआर म्हणजे त्याच रुईचे सूत. रुई मजबूत की सूत मजबूत, असे कोणी विचारते का? गादी भरायची असेल तर रुई, धोतर विणायचे असेल तर सूत.

गरम लाटणे कसे चालते ते बघ. मोठ्या कारखान्यात २०० ते २५० मिमी जाडीचा स्लॅब, म्हणजे लोखंडाची लादी, भट्टीत साधारण १२०० ते १२५० अंशांपर्यंत तापवतात. भट्टीतून बाहेर येतो तेव्हा पिवळाधम्म असतो. जोरदार दाबाच्या पाण्याने त्यावरची पापडी उडवतात आणि मग रोलांच्या एकामागून एक जोड्यांमधून काढतात. शेवटच्या स्टँडपर्यंत, म्हणजे रोलांच्या शेवटच्या जोडीपर्यंत, तो ८५०-९०० अंशांवर उतरलेला असतो, रंग पळसाच्या फुलासारखा. मग पाण्याचे फवारे, आणि सहाशे अंशांच्या आसपास असतानाच गुंडाळी. २५० मिमी जाड आणि १० मीटर लांब स्लॅबचा २ मिमी पत्रा केला तर तो सव्वा किलोमीटर लांब होतो. एवढे लोखंड एका दमात ताणले जाते आणि तुटत नाही, कारण ते तापलेले आहे.

पण तापले की मऊ होते, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. लोखंडाच्या आत बारीक दाणे असतात. रोलखाली गेले की ते चेपतात, लांबट होतात. तेवढ्या उष्णतेत चेपलेल्या दाण्यांच्या जागी लगेच नवे, गोलसर दाणे उगवतात. पुढच्या रोलखाली जाईपर्यंत लोखंड पुन्हा ताजे. म्हणून लाटत राहिले तरी ते कडक होत नाही.

आता थंड लाटणे. बाइंडिंगची तार तू हाताने तोडली असशील. वाकव, सरळ कर, पुन्हा वाकव. वाकते तिथे बोटाला गरम लागते, तेवढीच जागा कडक होते आणि चार-सहा वेळा केले की तुटते. थंड लाटण्यात हेच होते. दाणे चेपतात, पण नवे उगवायला उष्णता नसते. त्यामुळे ताण आतच साठत जातो आणि पत्रा दर फेऱ्याला जास्त कडक, जास्त ठिसूळ होतो.

बरे, 'थंड' या शब्दानेही फसू नको. सीआर मिलमधून निघालेल्या पत्र्याला हात लावशील तर चटका बसेल. चेपण्यानेच तो तापतो, म्हणून वरून तेल-पाण्याचे मिश्रण सतत सोडावे लागते. थंड म्हणजे नवे दाणे उगवण्याच्या तापमानाखाली, एवढाच अर्थ. शिसे तर साध्या हवेच्या तापमानालाच नवे दाणे धरते. म्हणजे आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यात कोणी शिसे लाटले तर शास्त्राच्या भाषेत ते गरम लाटणे. आम्ही मिलमध्ये यावरून नव्या पोरांची मजा घ्यायचो.

सीआरचा प्रवास असा: एचआरची कॉइल येते, ॲसिडच्या गरम टाकीतून काढून तिची निळी-काळी पापडी धुतात, मग लाटतात. २.५ मिमीचा ०.८ मिमी करायचा म्हणजे ६८ टक्के जाडी उतरवली. या टप्प्याला तो 'फुल हार्ड' असतो. घडी घातलीस तर कडेला चिरेल. म्हणून त्याच्या गुंडाळ्या बंद भट्टीत, हवा लागू न देता, सातशे अंशांच्या आसपास सावकाश तापवतात. हे ॲनिलिंग. चढवणे, धरून ठेवणे, निववणे यातच दिवस जातात. तेव्हा कुठे दाणे पुन्हा उगवतात आणि पत्रा मऊ होतो. शेवटी एक अगदी हलका हात फिरवतात, एक टक्क्याच्या आसपास, त्याला स्किन पास म्हणतात. तो नसता तर पत्रा वाकवताना त्यावर पालीच्या अंगासारखे पट्टे उठले असते. मग तेल लावून गुंडाळी. आपल्या विदर्भात हे काम कळमेश्वरला होते, आणि तिथेच पुढे जस्त चढते, रंगही लागतो.

आता पहिल्या दुकानदाराचे बोलणे तपास. 'सीआर मजबूत' हे फुल हार्डपुरते खरे. पण तुला दुकानात जो सीआर मिळतो तो ॲनिल केलेला, मऊ. त्याची ताकद साध्या स्ट्रक्चरल एचआरएवढी असते किंवा त्याहून कमीच. आयएस २०६२ या भारतीय मानकाचा ई-२५० एचआर घेतलास तर त्यात ताणाला किमान २५० मेगापास्कलची हमी आहे. खोल दाबकामासाठी बनवलेला सीआर मुद्दाम त्याहून मऊ ठेवतात, नाहीतर त्याचे घमेले बनणार नाही. मग तू जास्त पैसे कशाचे देतोस? ॲसिडच्या टाकीचे, दुसऱ्या मिलचे, भट्टीचे, तेलाचे. त्यातून मिळते काय? गुळगुळीत अंग, एकसारखी जाडी, आणि एचआरमध्ये सहसा न मिळणारा पातळपणा. मजबुती त्या यादीत नाही.

दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. पत्रा हाताने दाबला की लचकतो, त्यावरून आपण कच्चा-पक्का ठरवतो. तो लचकणे लोखंडाच्या जातीवर जवळजवळ अवलंबून नसतेच. एचआर असो, सीआर असो, फुल हार्ड असो, लचक तीच. फरक पाडते जाडी, आणि तीही तिसऱ्या घाताने. २ मिमीऐवजी १.६ मिमी घातलास तर लोखंड वाचले पाचवा हिस्सा, आणि ताठपणा गेला निम्मा. म्हणून 'सीआर आहे, पातळ चालेल' असे कोणी म्हणाले तर त्याला नमस्कार कर आणि २ मिमीच घे. नाहीतर पत्र्याला घडी पाड, नाळ पाड. छपराचा नाळीदार पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असून त्यावर माणूस जपून चालू शकतो, तो त्याच्या नाळीमुळे.

नाळीवरून आठवले. नाळीदार पत्रा किंवा शेडचे सी-पर्लिन (छपराखालचे सी आकाराचे आडवे लोखंड) रोलमधून काढून बनवतात, म्हणून लोक त्यालाही 'कोल्ड रोल' म्हणतात. ते वेगळे काम आहे. त्यात जाडी कमी होत नाही, फक्त आकार बदलतो. दुकानदाराने गोंधळ घातला तर विचार, जाडी लाटली आहे की नुसती घडी मारली आहे.

आता तुझ्या कामाकडे येतो.

ट्रॉली पूर्ण एचआरची. चॅनेल, अँगल तर गरमच लाटतात, प्रश्नच नाही. हौद्याची फरशी, फाळके, सगळे एचआर. इतकी जाडी सीआरमध्ये मिळणार नाही, आणि मिळाली तरी कशाला? त्यात भरायचे आहे शेणखत आणि सोयाबीनची पोती.

पण ट्रॉलीचा रंग, तिथे मी एकदा नाक कापून घेतले आहे. दुकान नवे होते. शेजारच्या गावच्या एका पाटलांना पोळ्याआधी ट्रॉली हवी होती. नवा कोरा एचआर, निळसर चमक, मला वाटले किती सुंदर अंग आहे. फडक्याने पुसले, प्रायमर मारला, वर लाल रंग मारला आणि ट्रॉली दिली. पुढच्या पोळ्याला पाटील ट्रॉली घेऊन दारात. रंगाचे पापुद्रे निघाले होते, आणि प्रत्येक पापुद्र्याच्या मागे निळी-काळी पापडी चिकटलेली. रंग लोखंडाला धरलाच नव्हता, तो पापडीला धरला होता आणि पापडीने लोखंड सोडले. ते म्हणाले, "काहून बाप्पा, रंगात पाणी टाकले का?" मी पुन्हा घासून, पुन्हा रंगवून दिली, फुकट.

ही पापडी म्हणजे गरम असताना हवेने खाल्लेले लोखंड. दिसायला काचेसारखी, पण लोखंडाइतकी लवचिक नाही. ऊन-थंडीने, धक्क्याने तिला भेगा पडतात आणि त्या भेगेत पाणी शिरले की खालचे लोखंड उघड्या लोखंडापेक्षाही जोरात गंजते, कारण पापडी आणि लोखंड यांची पाण्यात बॅटरी बनते. गंज पसरत नाही, खड्डा करतो. आपल्याकडे मे महिन्यात फाळक्यावर अंडे भाजेल इतके ऊन आणि जूनमध्ये एकदम पाऊस, त्यामुळे पापडी फुटायला वेळ लागत नाही. तेव्हा एचआर घेतला की ग्राइंडरला वायर ब्रश किंवा फ्लॅप डिस्क लावून अंग पांढरे कर, निदान जोडांजवळ आणि तळाला. जुने कारागीर पत्रा पावसात टाकून गंजू द्यायचे आणि मग खरवडायचे. वेडेपणा वाटतो, पण गंजाबरोबर पापडी सुटते. वेळ असेल तर तेही चालते. ॲसिडने धुऊन तेल लावलेला एचआरही मिळतो, एचआरपीओ म्हणून माग. थोडा महाग आहे, पण घासायची मजुरी धरलीस तर बरेचदा तोच परवडतो. लेझरने कापून घ्यायचे असेल तर तोच घे.

कोठी. इथे सीआर किंवा जस्ताचा पत्रा. धान्याला गुळगुळीत अंग हवे, बारीक घडी मारावी लागते, आणि झाकण बसायला जाडी सारखी लागते. ०.७-०.८ मिमी एचआरमध्ये शोधायलाही जाऊ नको. घडी मारताना एक पथ्य पाळ: पत्र्याला लाटण्याची दिशा असते, ८ बाय ४ च्या शीटमध्ये ती बहुतेक ८ फुटांच्या बाजूने. लोखंडातला बारीक मळ त्या दिशेला ताणलेला असतो. घडीची रेघ त्या दिशेला आडवी ठेव, समांतर नको. बांबू आडवा वाकवणे आणि उभा चिरणे यात जो फरक, तोच. मऊ सीआरमध्ये एवढे जाणवणार नाही, पण जाड एचआरची पट्टी टोकदार कोपऱ्यात वाकवशील तेव्हा आठवण येईल.

कूलर हे तुझे खरे पोट. फेब्रुवारीपासून रांग लागते. कूलरची टाकी सीआरची करू नको, कितीही रंगव. एका हंगामात बुडाला भोके पडतात. जस्ताचा पत्रा घे, आणि घेताना जस्त किती ते विचार. जस्ताचा पत्रा म्हणजे सीआरच, साडेचारशेच्या वर तापलेल्या वितळल्या जस्तातून काढलेला. २७५ ग्रॅमचा म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त, एका बाजूला सुमारे १९ मायक्रॉन. ८० ग्रॅमचा असला तर साडेपाच-सहा. चमक दोघांची सारखीच. टाकीला जास्त जस्ताचा, अंगाला कमीचा, असा मेळ घाल. जस्तावर वेल्डिंग करायचे तर तेवढी जागा आधी घास आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभा राहा. तो पांढरा धूर घेतला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आमच्याकडे एक पोट्टा मलेरिया समजून गोळ्या खात बसला होता.

गेट, ग्रिल, खुर्च्या यांना पाइप लागतो. काळा पाइप एचआरच्या पट्टीचा, गुळगुळीत करडा पाइप सीआरच्या पट्टीचा. आतल्या खोलीतल्या फर्निचरला सीआर, रस्त्यावरच्या गेटला जाड भिंतीचा काळा. दोन्ही पाइप पट्टी न तापवता वाकवून बनतात, त्यामुळे त्यांच्या अंगात ताण साठलेला असतो. चौकोनी पाइप उभा चिरून बघ, दोन्ही फाका धनुष्यासारख्या फाकतील. म्हणून गेटची चौकट एका बाजूने सलग वेल्ड करत गेलास की ती ओढली जाते. टाके मार, समोरासमोर मार, मग भर.

शाफ्टची गोष्टही तीच. न तापवता ओढलेला ब्राइट बार मापात असतो, बेअरिंग सरळ बसते. पण त्यात लांब की-वे (चावी बसवायची खाच) कापलीस की एका बाजूचा ताण सुटतो आणि शाफ्ट वाकडा होतो. आधी की-वे, मग सरळ करणे, मग बेअरिंग.

वखराच्या पासेबद्दल, म्हणजे त्याच्या लोखंडी पात्याबद्दल, तू विचारले नाहीस, पण गावात दुकान आहे म्हणजे शेतकरी आणणारच. (मिलमध्ये रोलच्या एका फेऱ्याला 'पास' म्हणतात. मी पहिल्या दिवशी फोरमनने 'तिसरी पास बघ' म्हटले तेव्हा वखर शोधत होतो.) पास एचआरची की सीआरची हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. तिथे हवा कार्बन. साधा पत्रा कितीही थंड लाटला तरी काळ्या मातीत धार टिकणार नाही. ट्रकच्या कमानपट्ट्याची पास टिकते, कारण त्यात कार्बन जास्त आणि त्याला पाणी दिलेले असते. ती पास वेल्डिंगने जोडायला गेलास तर जोडाच्या शेजारी काचेसारखी तुटेल. ते काम लोहाराकडे पाठव.

घरबांधणीच्या सळईचेही हेच. जुने मिस्त्री अजून 'टोर' म्हणतात. ती सळई न तापवता पिळून कडक करत. आता जी टीएमटी मिळते ती गरम लाटून शेवटच्या स्टँडनंतर लगेच पाण्याच्या पेटीतून काढतात: वरची साल कडक, आतली उष्णता बाहेर येऊन त्या सालीला थोडे मऊ करते, गाभा चिवट. आमच्या मिलमध्ये सुरुवातीला पाण्याची पेटी नव्हती. चार माणसे चिमटे घेऊन उभी राहत आणि रोलमधून सापासारखे सुटलेले लाल टोक पकडून पुढच्या खाचेत घालत. एकदा टोक खाचेत शिरलेच नाही, मागून सळई येतच राहिली आणि हवेत वेटोळे झाले. माझ्या डाव्या पोटरीवर त्याची खूण आहे. अशा वाया गेलेल्या मालाला 'मिसरोल' म्हणतात, आणि तोही बाजारात विकला जातो. स्वस्त सळई दाखवली तर आधी ते विचार.

खरेदीचे सांगतो. गेज बोलू नको, मिलिमीटर बोल. १६ गेज म्हणजे १.६ मिमी, १८ म्हणजे १.२, हे एका कोष्टकात. दुसऱ्या कोष्टकात वेगळे, आणि दुकानदाराला सोयीचे कोष्टक तोंडपाठ असते. मायक्रोमीटर सोबत ने. कडेला लावू नको, तिथे कापताना उठलेली बारीक धार (बर) असते आणि एचआरची कड तशीही मधल्यापेक्षा किंचित पातळ असते. बोटभर आत घेऊन तीन ठिकाणी माप. एचआरमध्ये एक-दोन दशांशाचा फरक चालतो, सीआरमध्ये काही शतांशापेक्षा जास्त दिसला तर शीट परत ठेव. त्याहून सोपे म्हणजे वजन. ८ बाय ४ च्या शीटला दर मिलिमीटरला २३.३ किलो. म्हणजे ३ मिमी सत्तर किलोच्या आसपास भरला पाहिजे. ६४ भरला तर तो पावणेतीनचा आहे. फक्त शीट २५०० बाय १२५० मिमीची नाही ना ते आधी बघ, तिला दर मिलिमीटरला साडेचोवीस लागतात. आणि एक तुकडा मागून घे, घरी शिकंज्यात धरून हातोड्याने पूर्ण दुमड. बाहेरच्या वाकाला चीर गेली तर तो माल घेऊ नको, त्यावर छाप कोणाचीही असो.

सुरुवातीला एचआर भरपूर आण, सीआर मागणीपुरता. एचआर अंगणात पडला तरी चालतो. सीआरचे तेल पुसले गेले की आपल्या पावसाळी हवेत एका रात्रीत पिवळे डाग येतात, आणि दोन शीटांच्या मध्ये पाणी शिरले तर त्या चिकटूनच निघतात. शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर ठेव, मातीला टेकवू नको, आणि गाडीवर चढवताना आकाश निरभ्र दिसले तरी ताडपत्री बांध. बुटीबोरीच्या पुढे कधी धो-धो लागेल याचा नेम नाही.